फराळाच्या ऑर्डरी घेऊन बसलेय, वेळेचं गणित कसं बसवू?

डोंबिवलीची_सई:
नमस्कार मंडळी. मी घरगुती फराळ करून देते, शिवाय दुपारी दोनपर्यंत एका ऑफिसात अकाउंट्सचं काम असतं. २०२६ च्या अधिक ज्येष्ठात जावयाच्या वाणाचे तेहतीस-तेहतीस अनारसे करून दिले होते, तेव्हा लोकांनी नंबर सेव्ह करून ठेवला आणि आता तेच लोक दिवाळीला चकली, चिवडा, करंजी, बेसन लाडू सगळंच मागतायत. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, मधे मुलीची सहामाही. नवरा म्हणतो चार चौकोन काढ, काम अर्जंट आहे की नाही आणि इम्पॉर्टंट आहे की नाही ते बघून त्यात टाक, पण मी बसले तर सगळ्या ऑर्डरी एकाच चौकोनात जाऊन बसल्या 😅 तुम्ही कोणी हे करत असाल तर आधी काय नि नंतर काय हे कसं ठरवता?

खमंग_काकू:
सई, वहीत ऑर्डरी गिऱ्हाईकाच्या नावाने लिहिल्या असशील ना? आधी ते मोड आणि पदार्थाच्या नावाने लिही, एकूण चकली किती किलो, लाडू किती, असं. तीसचाळीस नावांची भीती वाटते, सात पदार्थांची नाही वाटत. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिही, किती दिवस टिकतं आणि तयारी किती आधी सुरू करावी लागते. अनारशाचं तुला सांगायला नको, तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून दळायचं, गूळ घालून पीठ निदान चारपाच दिवस डब्यात मुरवायचं, म्हणजे धनत्रयोदशीच्या आत द्यायचे तर कोजागिरीच्या सुमाराला तांदूळ भिजलेले पाहिजेत, आणि हे काम गर्दीत आठवत नाही म्हणून पहिलं लिहायचं. शंकरपाळी, चिवडा टिकतात, ते आधी उरका. ओल्या नारळाचं काहीही अगदी शेवटी. आणि गिरणीत दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नकोस गं बाई, चकलीची भाजणी दसरा झाला की लगेच दळून आण.

प्लॅनिंगवाला_पुणेकर:
काकूंचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो, मी कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो म्हणून आगाऊपणा. ताई तुम्हाला वेळ कमी पडतोय असं वाटतंय पण खरं तर कढई कमी पडतेय. चकली, शेव, करंजी, शंकरपाळी, अनारसे सगळे त्याच एका कढईत जाणार. तेव्हा चकलीचा एक घाणा किती मिनिटांत निघतो नि किती वजनाचा होतो ते एकदा घड्याळ लावून बघा, त्यावरून रोजचे किती किलो ते कळेल आणि त्यावरून ऑर्डरी कधी बंद करायच्या तेही कळेल. तुमचे दुपारनंतरचे तास फक्त तळणाला ठेवा, त्यात फोन नाही पॅकिंग नाही लेबलं नाहीत, ते सगळं रात्री. बेसन भाजणं पण रात्री, त्याला कढई लागते पण तेल नाही लागत, दुसऱ्या शेगडीवर होतं. आणि ऑर्डरी बंद केल्याचं स्टेटस आधीच टाकून ठेवा, नाहीतर वसुबारसेला पण कोणीतरी "फक्त अर्धा किलो" मागायला येतोच.

नाशिकची_मावशी:
दोघांचं वाचलं, छान आहे, पण माणसाचं कोणी लिहिलंच नाही! मुलीचे पेपर ज्या दिवशी आहेत त्याच्या आदल्या संध्याकाळी कढई चढवायची नाही हे वहीत सगळ्यात वर लिही, बाकी सगळं त्याच्या खाली. दुसरं म्हणजे करंजी. लाटा, सारण भरा, कातणीने कापा, ओल्या फडक्याखाली ठेवा, वेळ चकलीहून कितीतरी जास्त आणि पैसे थोडेच जास्त मिळतात. माझं ऐकशील तर करंज्या ओळखीच्या बचत गटाकडून करून घे, नाहीतर सरळ नाही म्हण. नाही म्हणणं हेच खरं प्लॅनिंग आहे पण बायकांना तेच जमत नाही (मला तर अजूनही नाही जमत). परदेशात पाठवायचे डबे असतील तर ते दसऱ्याच्या आसपासच निघू देत, त्यात लाडू-शंकरपाळी घाल, करंजी वाटेत मोडते.

डोंबिवलीची_सई:
बापरे एवढं सगळं! पदार्थाप्रमाणे यादी केली आत्ताच, चकली बघून घामच फुटला. करंजीच्या नवीन ऑर्डरी बंद, ज्या घेतल्यात त्या शेजारच्या वहिनींना विचारते, त्यांचा हात सुंदर आहे. परदेशी दोनच डबे आहेत, ते पहिल्यांदा. पुणेकर दादा, दुसरी कढई घेतली तर नाही का चालणार?

प्लॅनिंगवाला_पुणेकर:
कढई घ्याल हो, तळायला दुसरं कोण उभं राहणार ते आधी ठरवा 😄

खमंग_काकू:
चार चौकोनवाल्या नवऱ्याला उभं कर की.