‘स्वान लेक’चे कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे?

तापीकाठ (भुसावळ): गिरणाथडी यांनी परवा नवख्या श्रोत्यांना सल्ला दिला की, चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेच्या संगीताचे कोणतेही ध्वनिमुद्रण घ्यावे, मात्र ते वेगवान असावे, कारण नर्तकांसाठी धरलेल्या संथ लयीत संगीताचा जीव जातो. हे वाचून मला गप्प बसवेना. १८७७ साली मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहात वाजलेले संगीत आणि १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला पेतिपा व इव्हानोव्ह या नृत्यदिग्दर्शकांनी बसवलेल्या प्रयोगाचे संगीत एक नाही. चायकोव्हस्की १८९३ मध्येच वारले होते. त्यानंतर संगीतकार रिकार्दो द्रिगो यांनी काही भाग कापले, काहींची जागा बदलली आणि चायकोव्हस्कींच्याच पियानोरचनांपैकी तीन वाद्यवृंदासाठी लिहून मध्ये घातल्या. काळ्या हंसिणीचे प्रसिद्ध युगुलनृत्य आज तिसऱ्या अंकात दिसते, पण त्याचे संगीत मुळात पहिल्या अंकातले आहे. कंडक्टर आंद्रे प्रेव्हिन यांचे लंडन सिंफनी वाद्यवृंदाबरोबरचे १९७६ चे ध्वनिमुद्रण मूळ क्रमाने जाते, तर गेर्गिएव्ह यांचे मारिन्स्की वाद्यवृंदाबरोबरचे १८९५ ची आवृत्ती धरते. पडद्यावर बॅले पाहून आलेल्या माणसाला हे सांगितले नाही, तर तो तिसऱ्या अंकात ते नृत्य शोधत बसेल. राहिला वेग. जॉन लँचबेरी यांनी अनेक वर्षे रॉयल बॅलेचा वाद्यवृंद सांभाळला होता. फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरच्या त्यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रणात वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांचे नृत्यसंगीत, ऐकताना पाऊल कोठे पडणार हे कळते. माझी निवड तीच आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव): आवृत्तीचा मुद्दा योग्य आहे, त्यावर वाद घालणार नाही. परंतु घरी ऐकणाऱ्याच्या समोर नर्तकी नसते. तिने तोल सावरेपर्यंत त्याने का थांबावे? दुसऱ्या अंकातले व्हायोलिन आणि चेलोचे युगुलवादन घ्या. चायकोव्हस्कींनी स्वतःच नष्ट केलेल्या ‘उंदिना’ या ऑपेरातले ते प्रेमगीत होते, दोन गळ्यांसाठी लिहिलेले. मूळ रचनेत ते शेवटी द्रुत लयीत जाते. द्रिगो यांनी तो शेवट काढून शांत शेवट जोडला. रंगमंचावर हे युगुलवादन हल्ली इतके ताणतात की व्हायोलिनची ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होते. गायकाला एवढा दम पुरला असता का, हा प्रश्न ताणणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. कंडक्टर रोझ्देस्त्वेन्स्की यांचे मॉस्कोचे १९६९ चे ध्वनिमुद्रण ऐका. ट्रंपेट कर्कश आहेत हे मान्य, पण चौथ्या अंकातले शेवटचे वादळ अंगावर येते.

सातपुडा-पायथा (शहादा): गिरणाथडी नाना, आपण नाचाला संगीताच्या मार्गातली अडचण समजता, याचे वाईट वाटते. आमच्याकडच्या काठी गावच्या होळीत मोठा ढोल वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. रात्र चढते, पाय जड होतात आणि ढोलही त्यांच्याबरोबर बदलतो. नाचासाठी जन्मलेले वाजवणे पायांपासून तोडले की केवळ आवाज उरतो.

लेवापाटीदार-लेक (जळगाव): माझा अनुभव अगदी उलट आहे. माझी मुलगी कथक शिकते. घरी तिला ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर (तालाच्या प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर) रियाज करावा लागतो आणि तो लेहरा कोणासाठीही थांबत नाही. सुरुवातीला ती तत्कारात (पायांच्या आघातांत) दर आवर्तनाला मागे पडून समेला चुकायची; आज तिची लय पक्की आहे, ती त्या न थांबण्यामुळेच. शिवाय होळीत ढोलकरी नाचणाऱ्यांच्या मागे जातो, हेही मला पटत नाही. मी पाहिले तेव्हा ढोलच सर्वांना ओढत होता.

सातपुडा-पायथा: ताई, संध्याकाळी गाडीने येऊन, फोटो काढून, जेवणाआधी परत जाणाऱ्यांना ढोलच ओढताना दिसणार. पहाटेपर्यंत थांबावे लागते. आमच्या घरातली माणसे तो ढोल खांद्यावर घेत आली आहेत. आम्हाला हे बाहेरून शिकवू नये.

लेवापाटीदार-लेक: मी शिकवत नाही, पाहिलेले सांगते. खान्देशची होळी ही एका तालुक्याची मालमत्ता नाही, आणि मी कधी आले व कधी गेले हे आपणास ठाऊक असण्याचे कारण नाही.

गिरणाथडी: दोघांनीही शांत व्हावे. सातपुडा-पायथा यांच्या बाजूने एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल: १८९५ मध्ये नर्तकी पिएरिना लेन्यानी यांनी काळ्या हंसिणीच्या भूमिकेत एका पायावर बत्तीस गिरक्या घेतल्या, आणि तेव्हापासून त्या जागी कंडक्टरला नर्तकीकडे पाहूनच वाजवून घ्यावे लागते. मात्र स्टुडिओत लेन्यानी नसतात. लँचबेरी यांच्यासमोरही १९८२ मध्ये कोणी नाचत नव्हते.

तापीकाठ: समोर नव्हते, पण इतक्या वर्षांची सवय हातातून जात नाही, तीच मला ऐकू येते. चौथ्या अंकासाठी रोझ्देस्त्वेन्स्की सरस आहेत, एवढे मी मान्य करतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हार्प आणि थरथरत्या तंतुवाद्यांवर ओबो हे फुंकवाद्य येते, तेथे मात्र मला घाई सोसत नाही. वेगाबद्दल आपले एकमत होणार नाही. आवृत्तीबद्दल तरी सल्ला दुरुस्त करावा.

गिरणाथडी: ‘१८७७ की १८९५, हे आधी ठरवा’ अशी ओळ माझ्या सल्ल्यात सर्वांत वर घातली आहे. वेगाची ओळ तशीच राहील.