मदत हवी आहे: लेकीचा वॉकआउट, आयसविरोधी निदर्शनं आणि घरातली उजवी बाजू

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), बायको आणि लेक एच-४वर (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा). लेक अकरावीत. ग्रीन कार्डची फाइल ईबी-२च्या (नोकरीवाल्यांच्या एका गटाच्या) ढिगात कुठेतरी पडली आहे, ते इथल्या निम्म्या लोकांना वेगळं सांगायला नको.

येत्या शुक्रवारी तिच्या शाळेत आयसच्या, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना पकडून हद्दपार करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, कारवाईविरुद्ध वॉकआउट ठरलाय. चौथ्या तासाला वर्गातून उठायचं, पार्किंगमध्ये जमायचं, फलक धरायचे, तासाभराने परत. शाळेचं ईमेल आलंय की ही गैरहजेरी विनापरवानगी धरली जाईल. काल जेवताना लेकीने आईपुढे फोन सरकवला. हजेरी पोर्टलवरचा फॉर्म उघडा होता आणि कारणाच्या रकान्यात तिनेच 'डेंटिस्ट' भरून ठेवलं होतं. आईने फक्त बटण दाबायचं. मी दाबू दिलं नाही. त्यावरून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. या विषयात मी उजवीकडचा आहे. देश म्हटला की सरहद्द आली, कायदा आला आणि तो राबवणारं खातं आलं. आयस २००३ मध्ये सुरू झालं, पण हद्दपारी त्याच्या कितीतरी आधीची. १९९६ चा कडक कायदा क्लिंटनच्या सहीचा. ओबामांच्या काळात २०१२ या एका आर्थिक वर्षात चार लाखांवर लोक परत पाठवले गेले. तेव्हा कुठल्या नटाच्या कोटावर आयसविरोधी बिल्ला नव्हता, यंदा (२०२६) गोल्डन ग्लोबला होता. हे मी बोललो तर लेक म्हणते, "म्हणजे तेव्हा लोक गप्प बसले, म्हणून आम्हीही बसायचं?" आणि उठून जाते.

दुसरी अडचण अशी की आमचं बोलणं कायद्यावरून सुरू होतं आणि गायक बॅड बनीवर जाऊन आदळतं. १ फेब्रुवारीला ग्रॅमीच्या मंचावरून तो 'आयस आउट' म्हणाला, ८ तारखेला सुपर बोलचा (अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा) हाफटाइम, म्हणजे मध्यांतराचा कार्यक्रम, त्याने स्पॅनिशमध्ये केला. त्याच वेळेला टर्निंग पॉइंट या उजव्या संघटनेवाल्यांनी गायक किड रॉकला घेऊन आपला वेगळा कार्यक्रम ठेवला. आमच्याकडे हॉलमध्ये हा आणि लेकीच्या खोलीत तो, असे दोन हाफटाइम एकदम चालू होते. बायको म्हणाली, दोन्हींचा आवाज कमी करा, मला फोनवर आई ऐकू येत नाहीये.

जाणकारांनी प्रकाश टाकावा:

१) उजवीकडचं म्हणणं तिला पटलं नाही तरी चालेल, पण कळेल असं कसं मांडू? फॉक्सवरचं ओरडणं नको आणि 'आम्ही कसे कष्टाने आलो' हे पुराणही नको. ते तिला तोंडपाठ आहे.

२) एच-४वरच्या मुलीने अशा निदर्शनात जाणं कितपत धोक्याचं?

३) खोटं कारण न देता काही मार्ग आहे का?

राजकीय धुळवड नको, प्लीज. आगाऊ धन्यवाद.

---

बाभळीचं झाड:

२ आणि ३ बद्दल लिहिते. टेक्सासमध्येच आहे, दोन मुलं याच वयातून गेली.

शाळेचं आधी. मुलं ज्या निकालाचा हवाला देतात तो १९६९ चा, आयोवातल्या डे मॉइनचा. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेने घरी पाठवलं, आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने मुलांच्या बाजूने कौल दिला. पण ती मुलं फिती बांधून वर्गातच बसली होती, हे सांगायचं सगळे विसरतात. फीत, बिल्ला, टी-शर्ट याला संरक्षण आहे. तास सोडून बाहेर जायला नाही. शाळा दांडी मांडू शकते आणि दांडीची नेहमीची शिक्षाही देऊ शकते. फक्त मत आवडलं नाही म्हणून जास्तीची शिक्षा देता येत नाही.

टेक्सासमध्ये शाळांना राज्याचा पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो, म्हणून अधिकारी याबाबतीत हळवे असतात. त्यात गव्हर्नर अ‍ॅबट यांनी वॉकआउटवरून शाळांना दम भरलाय. विषयाचं क्रेडिट मिळायला ९० टक्के हजेरी लागते, पण एका तासाने काही बिघडत नाही. 'डेंटिस्ट' मात्र अजिबात नको. मुलगी पार्किंगमध्ये फलक घेऊन उभी आणि पोर्टलवर दाताचं काम चालू, असा फोटो दुपारपर्यंत व्हाइस प्रिन्सिपलकडे पोचतो.

आता व्हिसा. शांतपणे फलक धरून उभं राहणं हा गुन्हा नाही आणि त्याने एच-४चं काही मोडत नाही. पण दोन गोष्टींचा विचार करा. एक, अटक. डीएस-१६० मध्ये (व्हिसाचा अर्ज) 'कधी अटक झाली आहे का' असा प्रश्न आहे. शिक्षा झाली का, एवढ्यावर तो थांबत नाही. ग्रीन कार्डच्या शेवटच्या फॉर्ममध्येही तोच. म्हणून शाळेच्या आवारात राहायचं, रस्त्यावर उतरून वाहतूक अडवायची नाही, पोलिसाने हटा म्हटलं की हटायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४वाल्यांनाही स्टँपिंगसाठी (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेण्यासाठी) सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, आणि ती बघितली जातात. पार्किंगमध्ये ती तासभर असेल, इन्स्टावरची रील मात्र तिथेच राहते.

---

तर्री पोहे:

प्लेनोत बरीच वर्षं आहे, आता सिटिझन, मतदान नेहमी रिपब्लिकन. क्र. १ चं उत्तर देतो.

तुमचा घोळ असा की तीन वेगळी भांडणं तुम्ही एकाच ताटात वाढताय. कायदा राबवावा का, हे एक. मुलांनी शाळेच्या वेळात निदर्शनं करावीत का, हे दुसरं. आणि गायकांनी-नटांनी आपल्याला शहाणपण शिकवावं का, हे तिसरं. लेक तिसऱ्यात जिंकते आणि तुम्हाला वाटतं पहिल्यात हरलात.

पहिल्यासाठी तिला ट्रम्पचं नाव न घेता बार्बरा जॉर्डनबद्दल सांगा. टेक्सासचीच, ह्यूस्टनची, काळी, डेमोक्रॅट, नागरी हक्कांच्या चळवळीतून वर आलेली. नव्वदच्या दशकात इमिग्रेशनवरच्या आयोगाची ती अध्यक्ष होती. तिचं म्हणणं सरळ होतं: ज्यांना आत घ्यायचं त्यांना घ्या, ज्यांना नाही त्यांना रोखा, आणि ज्यांना इथे राहायचा हक्क नाही त्यांना परत जावं लागेल. तिसरं केलं नाही तर पहिल्या दोन्हींना अर्थ राहत नाही. सेझार चावेझच्या शेतमजूर संघटनेनेही सत्तरच्या दशकात संप फोडायला आणलेल्या बेकायदा मजुरांविरुद्ध इमिग्रेशन खात्याकडे तक्रारी केल्या होत्या. स्वस्त मजुराचा फायदा मालकाला होतो आणि मार गरीब कामगाराला बसतो, हा युक्तिवाद मुळात डावीकडचा. आज तो आम्ही मांडतो म्हणून निर्दयी ठरतो.

मग निदर्शन आणि अडवणूक यातला फरक. फलक धरा, घोषणा द्या, कोर्टात जा. अधिकाऱ्याच्या गाडीपुढे गाडी आडवी घातली की ते निदर्शन राहत नाही. जून २०२५ मध्ये आयसविरोधी आंदोलनात लॉस एंजेलिसला जाळलेल्या गाड्या आम्हाला आठवतात, तुमच्या लेकीला शांत मोर्चे आठवतात. दोन्ही झालं होतं.

पण हेही सांगा, नाहीतर ती तुमचं ऐकणार नाही. मिनियापोलिसमध्ये जानेवारीत दोन अमेरिकी नागरिक केंद्रीय अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मेले. दुसरा नर्स होता, त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती. बंदूक बाळगून अधिकाऱ्यांजवळ जाल तर गोळी खाल, अशा अर्थाचं एक सरकारी वकील बोलला, तर त्याला झापणाऱ्यांत एनआरए, म्हणजे बंदूकवाल्यांची संघटनाही होती. कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबरमध्येच सरसकट हद्दपारीला विरोध नोंदवला होता. उजवीकडे सगळे एका सुरात गातात हा तिचा समज आहे, तो आधी मोडा. मी स्वतः हद्दपारीच्या बाजूचा आहे, पण तोंडाला फडकं बांधून, नाव न सांगता कोणी दारात यावं हे मला चालत नाही. सरकारच्या ताकदीवर संशय घेणं हे आमच्याच बाजूचं जुनं शिक्षण आहे.

दुसऱ्या भांडणात 'मुलांनी राजकारण करू नये' हे वाक्य काढूच नका. चार्ली कर्कने टर्निंग पॉइंट सुरू केलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. गर्भपातविरोधी मोर्चा १९७४ पासून दर जानेवारीत वॉशिंग्टनला निघतो आणि कॅथलिक शाळा बस भरभरून मुलं आणतात. तेव्हा आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवतो. खरा आक्षेप एवढाच की सरकारी शाळेच्या पगारावर असलेल्या शिक्षकाने मुलांना बाहेर काढू नये. मुलं आपणहून उठली तर त्यांनी दांडीची किंमत मोजावी आणि विषय संपवावा.

---

रांगेतून_बाहेर:

टोरांटोहून. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

काका, मी तुमच्या लेकीच्या जागी होते. लहानपणी न्यू जर्सीला आले, शाळा-कॉलेज सगळं तिथेच. २१ पूर्ण झाले आणि एच-४ संपला. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतला, नोकरी मिळाली, एच-१बीच्या लॉटरीत नाव आलं नाही. आईबाबा अजून एडिसनमध्ये रांगेत आहेत, मी इथे.

नोकरीवाल्यांची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात बायकामुलंही मोजतात, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून 'आम्ही रांगेत उभे राहिलो, तेही राहू देत' हे वाक्य लेकीपुढे बोलू नका. तिला माहितीये की रांग तिच्या वयापेक्षा मोठी आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले ते याच सरकारने. त्याच्या आदल्या डिसेंबरात उजवीकडचे लोक एच-१बीवरून एकमेकांचे केस उपटत होते, तेव्हा आपल्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते तिने फोनवर वाचलंय. तुम्ही वाचलं असेलच. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानाने बेड्या घालून अमृतसरला आणलेल्या १०४ जणांत महाराष्ट्रातलेही होते. 'ते लोक' आणि 'आपण' ही रेघ तुम्हाला जितकी ठळक दिसते तितकी तिला दिसत नाही.

बाकी, खोटं कारण देण्याऐवजी किंमत मोजावी, या तर्री पोहे यांच्या मुद्द्याशी सहमत.

---

तर्री पोहे:

@रांगेतून_बाहेर, ७ टक्क्यांचं मान्य. तो कायदा मूर्खपणाचा आहे. पण कायदेशीर रांग हलत नाही याचं एक कारण हेही आहे की तीस वर्षं प्रत्येक सुधारणा बेकायदा लोकांच्या प्रश्नाला बांधून ठेवली आणि दोन्ही बुडाल्या. २००६ मध्ये, २००७ मध्ये, २०१३ मध्ये. तुमच्यासारख्या मुलांना ओलीस कोणी धरलं हेही विचारा.

---

खवय्या_नाटकाचा:

अवांतर, पण तिसऱ्या भांडणाबद्दल कोणीच लिहीत नाहीये.

बॅड बनी पोर्तो रिकोचा. पोर्तो रिकन लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत. तेव्हा 'परदेशी गायक कशाला' हा आक्षेप पहिल्याच वाक्यात आपटतो, तो घेऊ नका. उजवीकडच्यांची खरी तक्रार जुनी आहे आणि त्यात तथ्य आहे: पुरस्कार सोहळे, स्टुडिओ, उशिरा रात्रीचे विनोदवीर, सगळीकडे एकच सूर. उजवीकडचा माध्यमवाला अँड्र्यू ब्राइटबार्ट म्हणायचा की राजकारण संस्कृतीच्या मागून वाहत येतं. किड रॉकचा कार्यक्रम म्हणजे त्याच विचाराचं फळ. नुसती कुरकुर करण्यापेक्षा आपला मंच उभा करा, हे मला तरी प्रामाणिक वाटतं. कार्यक्रम कसा झाला हा भाग निराळा.

मात्र 'कलाकारांनी गप्प गावं' हेही उजवीकडून पचत नाही. रेगन नट होता, नटांच्या युनियनचा अध्यक्ष होता. ट्रम्प टीव्हीवरून घराघरात पोचला. आणि २००३ मध्ये इराक युद्धावरून बुशविरुद्ध एक वाक्य बोलल्याबद्दल डिक्सी चिक्स या गायिकांच्या बँडला कंट्री रेडिओवरून कोणी उठवलं? तेव्हा बहिष्कार आपला होता. लेकीने हे काढलं तर चिडू नका, आधीच तयारीत राहा.

---

बाभळीचं झाड:

एक राहिलं. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीने २०२० पासून सातवी ते बारावीच्या मुलांना वर्षातून एक दिवस अशा नागरी कामासाठी अधिकृत सुट्टी दिली. मोर्चा डावा की उजवा हे शाळा विचारत नाही, पालकांनी आधी कळवायचं. हा विषय निदर्शनात घोषणा देण्यापेक्षा तिने आपल्या स्कूल बोर्डापुढे मांडला तर कॉलेजच्या अर्जातही दिसेल. (पालक म्हणून एवढा स्वार्थ चालतो.) टेक्सासमध्ये मंजूर होण्याची आशा मात्र धरू नका.

---

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. धुळवड झाली नाही, आश्चर्य आहे.

काल बसलो तिघं. फॉर्म रद्द केला. लेक जाणार, गैरहजेरी विनापरवानगी पडणार, आणि त्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती ती भोगणार. आवाराबाहेर पाऊल नाही, रील नाही. रीलवरून सगळ्यात जास्त घासाघीस झाली. शेवटी 'दुसऱ्यांच्या रीलमध्ये मी दिसले तर माझा काय दोष' इथे गाडी अडली आहे. आंदोलनाला माझा विरोध आहे तो आहेच, ते तिला स्पष्ट सांगितलं.

बार्बरा जॉर्डनबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, रात्री शोधून वाचत बसली होती. सकाळी म्हणाली, त्या बाईंनी कायदेशीर मार्ग नीट चालवा असंही म्हटलंय, तेवढं तुम्ही गाळलंत. तर्री पोहे, याचं उत्तर तुम्ही द्या.

@रांगेतून_बाहेर, तुमचा प्रतिसाद बायकोने दोनदा वाचला. २१ च्या आधी काय करता येतं, कॅनडाचं कधी सुरू करावं, याबद्दल व्यनि (खाजगी निरोप) करतेय ती.

आणि एक शेवटचं: उन्हाळ्यात तिघांचं मुंबईला स्टँपिंग आहे. डिसेंबरनंतर बीकेसीला (तिथल्या अमेरिकी वकिलातीत) जाऊन आलेलं कोणी असेल, तर एच-४च्या मुलांची खाती किती मागची बघतात, मुलाखतीत त्यावर काही विचारलं का, हे इथेच लिहा. नवा धागा काढत नाही.