टेस्ट ट्रॅफिकचे शेल हेल्पर फेकू नका, आधी त्यातला 'स्लीप १' काढा

पॅकेटमोजणी:

आमच्या टीममध्ये ठरलंय की नेटवर्क टेस्टसाठी ट्रॅफिक सोडणारी जी चाळीसेक बॅश (लिनक्सचं कमांड चालवणारं शेल) फंक्शन्स, म्हणजे आमचे हेल्पर, आहेत ती सगळी टाकून पायथॉनमध्ये नव्याने लिहायची. माझा विरोध आहे आणि तो का आहे ते इथे नीट मांडतो, कारण मीटिंगमध्ये दोन वाक्यांच्या पुढे कुणी बोलू देत नाही.

फंक्शन्स साधी आहेत. एक ट्रॅफिक सुरू करतं, एक थांबवतं, एक पिंग करून बघतं, एक टीसीच्या (पॅकेटवर नियम लावणारी कमांड) नियमावर किती पॅकेट पडली ते वाचतं. खाली आयपी, टीसी, ब्रिज, ईथटूल या लिनक्सच्या नेटवर्क कमांड आणि पॅकेट पाठवायला मौसेझान म्हणजे आपलं एमझेड. दोन नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगळी नेटवर्क) बनवायच्या, मध्ये व्हेथची जोडी (दोन टोकांची आभासी केबल) टाकायची, पत्ते द्यायचे, झालं. या सगळ्या मुळात कमांडच आहेत त्यामुळे टेस्ट पडली की त्याच ओळी हाताने टर्मिनलवर टाकून बघता येतात, हा फायदा मला फार मोठा वाटतो. लिनक्स कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये (सोर्ससोबतच येणाऱ्या टेस्ट) फॉरवर्डिंगचा जो भाग आहे तो पण अशाच शेल लायब्ररीवर उभा आहे.

आता दोष. आमच्याकडे एक टेस्ट होती, 'हा पत्ता ब्लॉक केला की एकही पॅकेट पलीकडे जाता कामा नये'. ती कित्येक महिने पास होत होती. मग कळलं की नवीन मशीनवर एमझेड इन्स्टॉलच नव्हतं! कमांड बॅकग्राउंडला टाकलेली, एरर डेव्ह-नलमध्ये म्हणजे कचऱ्यात, पुढे एक सेकंद स्लीप, मग मोजणी शून्य, आणि शून्य म्हणजे पास. ज्या टेस्टवर आम्ही सगळ्यात जास्त विसंबून होतो तीच पूर्ण पोकळ निघाली आणि त्या काळात आम्ही दोन रिलीज दिले.

माझं म्हणणं एवढंच, की ट्रॅफिक खरोखर निघालं हे सिद्ध केल्याशिवाय हेल्परने परत येऊच नये. ते शेलमध्ये करता येतं. भाषा बदलायची गरज नाही.

सुटसुटीत:

असहमत. तुम्ही जो किस्सा सांगितला तोच शेल सोडायचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि तुम्ही तो शेलच्या बाजूने मांडताय.

सापडली नाही अशी कमांड चालवली तर १२७ हा एरर कोड येतो, पण शेवटी अँपरसँड लावून बॅकग्राउंडला टाकली की त्या ओळीचा निकाल शून्यच, म्हणजे यशस्वी, नंतर वेट करून विचारलं तरच १२७ दिसणार, आणि ते कोण विचारतं? सेट-ई (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबव) लावलं म्हणून निर्धास्त राहावं तर फंक्शन 'इफ' च्या आत बोलावलं की त्या फंक्शनच्या आत सेट-ई चालतच नाही, मधली ओळ पडली तरी गाडी पुढे जाते. फंक्शनपुरता व्हेरिएबल करायला 'लोकल' लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट घेतलं की त्या कमांडचा एरर कोड लोकलच गिळतो. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मान्य, पण दर सहा महिन्यांनी नवीन माणूस टीममध्ये येतो आणि त्याच खड्ड्यात पडतो. पायथॉनमध्ये, मधे शेल न घालता, नसलेली कमांड चालवली तर तिथल्या तिथे एक्सेप्शन येतं. तुमची ती टेस्ट पहिल्याच दिवशी लाल झाली असती.

आणि कर्नलचं उदाहरण अर्धंच दिलंत. ड्रायव्हरच्या टेस्टसाठी २०२४ पासून तिथेच पायथॉनची लायब्ररी आहे. त्यात ट्रॅफिक सोडणारा जो क्लास आहे तो आयपर्फ३ (वेग मोजायचं टूल) चे १६ समांतर स्ट्रीम सुरू करतो आणि सेकंदाला किमान १००० पॅकेट दिसेपर्यंत थांबतो, मगच टेस्ट पुढे. तुम्हाला हवं तेच आहे ना हे?

पॅकेटमोजणी:

@सुटसुटीत, हो, अगदी तेच हवंय, पण त्यात पायथॉनचं असं काय आहे? इंटरफेसचा टीएक्स म्हणजे पाठवलेल्या पॅकेटचा आकडा सिस-एफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दिसते ती जागा) एका फाइलीत असतो, ती वाचायची, थोडं थांबायचं, परत वाचायची, वजाबाकी. कर्नलच्या शेल लायब्ररीत बिझीवेट नावाचं फंक्शन याच कामाचं आहे, अट खरी होईपर्यंत परत परत बघतं आणि मुदत संपली की फेल. सहा ओळी.

सेट-ई बद्दल म्हणालात ते खरं आहे. आम्ही ते वापरतच नाही, प्रत्येक महत्त्वाच्या कमांडनंतर निकाल तपासतो. (एमझेडच्या बाबतीत तपासला नव्हता, तीच चूक.)

बोर्डवाली:

तुम्ही दोघंही असं बोलताय जणू समोर कायम पूर्ण लिनक्स आहे. मी ज्या डिव्हाइसवर टेस्ट चालवते तिथे बिझीबॉक्स (छोट्या डिव्हाइससाठीचा आटोपशीर कमांडचा संच) आहे. पायथॉन तर सोडाच, बॅश पण नाही, ॲश हे छोटं शेल आहे. ॲरे नाहीत. बॅशमध्ये डेव्ह-टीसीपी उघडून कनेक्शन करतात ना, तशी फाइल डिस्कवर कुठेच नसते, ती बॅशची आतली सोय आहे, माझ्याकडे ती चालत नाही आणि नवीन मुलं 'फाइल सापडत नाही' म्हणून तासभर शोधत बसतात.

नेटकॅटचं (कनेक्शन उघडून डेटा पाठवायची कमांड) तर विचारूच नका. पारंपरिक एक, ओपनबीएसडीवालं एक, एनमॅपबरोबर येणारं एनकॅट एक, बिझीबॉक्सचं चौथं. इनपुट संपल्यावर कनेक्शन बंद कर हे सांगायचा पर्याय प्रत्येकात वेगळा. एकावर टेस्ट लगेच संपते, दुसऱ्यावर लटकून राहते.

म्हणून माझं मत, हेल्पर साध्या पॉझिक्स (सगळ्या शेलना समान असलेलं प्रमाण) शेलमध्येच हवेत.

सुटसुटीत:

बोर्डवालीताई, पण पाठवणारा आणि निकाल ठरवणारा डिव्हाइसवर कशाला हवा? डिव्हाइस मधे आहे, ट्रॅफिक बाहेरच्या होस्टवरून सोडा, डिव्हाइसवर एसएसएचने (दूरून लॉगइन करून) फक्त काउंटर वाचा. मग होस्टवर पायथॉन असो की काहीही.

बोर्डवाली:

जिथे डिव्हाइस फक्त फॉरवर्ड करतं तिथे तसंच करते. पण डिव्हाइसवरच्या सर्व्हिसने स्वतः बाहेर कनेक्शन काढायचं असेल तर पाठवणारा तिथेच लागतो, आणि त्या निम्म्या टेस्ट आहेत माझ्या.

लाइनरेट:

या सगळ्यात एक गोष्ट मिसळली जातेय ती वेगळी काढतो. ट्रॅफिक 'जातं का' आणि 'किती वेगाने जातं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे हेल्पर दुसऱ्याला वापरले की निकाल खोटे येतात. १० गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटची फ्रेम घ्या. तारेवर तिच्यासोबत ८ बाइट प्रीॲम्बल (फ्रेमच्या आधीची ठरलेली खूण) आणि १२ बाइटची मोकळी जागा जाते, म्हणजे ८४ बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट. एमझेड काय आणि पायथॉनमधलं पॅकेट बनवणारं स्केपी काय, एका प्रोसेसमधून तिथवर पोचायचा प्रश्नच येत नाही, आणि स्केपी तर प्रत्येक पॅकेटचं पायथॉन ऑब्जेक्ट बनवतं त्यामुळे ते फारच मागे राहतं. एखादं विचित्र पॅकेट घडवायला मात्र स्केपीसारखं दुसरं नाही, हेही खरं.

वेगासाठी कर्नलमधलं पॅकेट सोडणारं पीकेटीजेन आहे. आणि सुटसुटीत, गंमत बघा, ते चालवायचं म्हणजे प्रॉक-नेटच्या खाली पीकेटीजेनच्या फाइलींमध्ये मजकूर लिहायचा, त्याच्या नमुना स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्समध्येच मिळतात आणि त्या सगळ्या शेलच्या आहेत. फक्त ध्यानात ठेवा की ते यूडीपीच सोडतं आणि नेहमीच्या मोडमध्ये क्यूडिस्कला (पाठवायच्या पॅकेटांची रांग) बगल देऊन थेट ड्रायव्हरकडे जातं, त्यामुळे टीसीचं शेपिंग (वेगाला लगाम) त्याने तपासायला गेलात तर शेपिंग लागलेलं दिसणारच नाही. खरी टीसीपी सेशन्स मोठ्या संख्येने हवी असतील तर डीपीडीकेवर (कर्नलला वगळून कार्डशी थेट बोलणारी लायब्ररी) चालणारं टीरेक्स, तिथे शेल संपलं.

अजून एक. आयपर्फ३ यूडीपीमध्ये काही न सांगता चालवलं तर सेकंदाला १ मेगाबिटच सोडतं. एका टीमने यावरून कार्ड सदोष आहे असा रिपोर्ट पाठवलेला मी स्वतः पाहिलाय. आणि ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये समांतर स्ट्रीम कितीही मागा, सगळे एकाच थ्रेडवर चालायचे. हेल्परने आवृत्ती छापलीच पाहिजे, नाहीतर दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

रात्रीची_बिल्ड:

मी रोज सकाळी लाल झालेल्या टेस्ट बघते, म्हणून 'स्लीप १ काढा' हे वाचून बरं वाटलं पण जरा थांबा. तो स्लीप एका कारणासाठी नाहीये, त्याच्या आड चार वेगवेगळ्या वाट बघण्या लपलेल्या असतात आणि तुम्ही त्यातली एकच काढताय.

पहिली, लिंक वर यायची. दुसरी, आयपीव्ही६ चा पत्ता दिल्यावर तो दुसऱ्या कुणाकडे नाही ना हे तपासेपर्यंत साधारण एक सेकंद तो तात्पुरता असतो आणि तेवढ्यात त्यावरून पाठवायला गेलात की एरर येतो, टेस्टपुरतं पत्ता देताना नोडॅड (ही तपासणी नको) लावलं की हा प्रश्न मुळातून जातो. तिसरी, सर्व्हर खरंच पोर्टवर ऐकायला लागलाय का. चौथी, एआरपी, म्हणजे समोरच्याचा हार्डवेअर पत्ता कळायची. घाईत स्लीप काढणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्या बोर्डवर इतके लाल ठिपके आणले की त्यांनीच परत दोन सेकंदांचा स्लीप टाकला, आणि कर्नलचं डीबग बिल्ड असलं, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) वगैरे चालू, की दोन सेकंदही पुरत नाहीत.

सर्व्हर तयार आहे का हे बघायला कनेक्ट करून बघू नका. नेटकॅट एकच कनेक्शन घेऊन संपतं, तुमची चौकशी हेच त्याचं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक ठरतं आणि खरी टेस्ट आली की पोर्ट बंद. एसएस (सॉकेटची यादी देणारी कमांड) ने बघा नाहीतर प्रॉक-नेट-टीसीपी वाचा, तिथे पोर्ट हेक्समध्ये असतो आणि ऐकणाऱ्या सॉकेटची स्थिती ०ए असते.

आणि थांबवणारं फंक्शन कुणी बघितलंय का? बहुतेक ठिकाणी 'किल' आणि पुढे दोन टक्क्यांची चिन्हं, म्हणजे शेवटचा जॉब मार. दोन फ्लो सुरू केले असतील तर पहिला जिवंतच राहतो आणि पुढच्या टेस्टच्या मोजणीत त्याची पॅकेटं मिसळतात. नेमस्पेस डिलीट केली की सगळं मरतं हाही गैरसमज आहे, नाव जातं, आतला प्रोसेस चालू असेपर्यंत नेमस्पेस राहते, व्हेथचं बाहेरचं टोक तसंच लोंबकळत राहतं आणि पुढची टेस्ट त्याच नावाचं व्हेथ बनवायला गेली की 'आधीच आहे' म्हणून पडते. पीआयडी (प्रोसेसचा नंबर) जपून ठेवा, आणि नेमस्पेस काढायच्या आधी तिच्यातले सगळे प्रोसेस विचारून मारा.

पॅकेटमोजणी:

रात्रीची_बिल्डताई, चार वाट बघण्यांचं मी असं वेगळं करून कधी पाहिलं नव्हतं. आमच्या थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये ती दोन टक्क्यांची चिन्हं आहेत, आत्ताच उघडून बघितलं. बदलतो.

नवशिक्या:

मी या क्षेत्रात नवीन आहे. हेल्परमध्ये सगळीकडे १९२.०.२ ने सुरू होणारेच पत्ते का असतात?

लाइनरेट:

चांगला प्रश्न. १९२.०.२.०/२४ हा पट्टा दस्तऐवज आणि उदाहरणांसाठी राखीव आहे, आयपीव्ही६ मध्ये तसाच २००१:डीबी८. खऱ्या इंटरनेटवर ते कुणाचे नसतात. वेग मोजायच्या चाचण्यांसाठी वेगळा पट्टा आहे, १९८.१८.०.०/१५. हा नियम पाळाच. माझ्या एका जुन्या नोकरीत टेस्टच्या नेमस्पेसमध्ये इंटरफेस हलवायची ओळ पडली, पुढची ओळ चालत राहिली आणि पॅकेटांचा पूर ऑफिसच्या खऱ्या नेटवर्कवर सुटला. पत्ते कुणा दुसऱ्याचे खरे पत्ते होते.

सुटसुटीत:

ओळ पडली आणि पुढची चालत राहिली. परत तेच! मी याच्याबद्दलच पहिल्यापासून बोलतोय.

बरं, पॅकेटमोजणी दादा, तुमच्या टीएक्स काउंटरवाल्या उपायाला पण एक भोक आहे. आयपीव्ही६ चालू असलेला इंटरफेस कुणी काही न पाठवता स्वतःहून राउटर शोधायची, मल्टिकास्टची पॅकेटं सोडतो. 'आकडा वाढला का' एवढंच बघितलंत तर एमझेड मेलेलं असतानाही आकडा वाढेल आणि तुमचा हेल्पर खुशाल पुढे जाईल.

पॅकेटमोजणी:

बरोबर पकडलंत. मग इंटरफेसचा आकडा नको. पाठवणाऱ्याच्या समोरच्या पोर्टवर इनग्रेसला (आत येणाऱ्या पॅकेटांवर), ब्लॉकच्या नियमाच्या आधीच्या प्रेफरन्सला (क्रमाला), फ्लॉवरचा (टीसीचा पत्ते जुळवून बघणारा फिल्टर) एक नियम टाकायचा, नेमका तोच सोर्स आणि तोच डेस्टिनेशन, ॲक्शन कंटिन्यू. तो मोजतो आणि पॅकेट पुढच्या नियमाकडे सोडतो. त्याची मोजणी १०० च्या वर आणि पलीकडची शून्य, दोन्ही असेल तरच पास. पिंगवाल्या नकारार्थी टेस्टमध्ये पण बदल करतो. आत्ता फक्त 'पिंग फेल झालं ना' एवढं बघतो, पण उत्तर आलं नाही तर पिंग १ देतं आणि पत्ताच ओळखता आला नाही किंवा दुसरी काही गडबड असेल तर २, आम्ही दोन्हींना पास म्हणत होतो. आता १ आला तरच पास.

पण हे बघा, यातली एकही गोष्ट पायथॉन मागत नाही.

सुटसुटीत:

दोन मोजण्यांची अट मला शंभर टक्के मान्य, ती मी पण घेणार. भाषेचं मान्य नाही. टीसीचं जेसन आउटपुट जेक्यूने (जेसनमधून हवं ते काढायची कमांड) चिरून त्यातून आकडा काढायचा, तो रिकामा आला तर शेल त्याला शून्य समजून बेरीज करणार, आणि नकारार्थी टेस्टमध्ये शून्य म्हणजे परत पास.

असं करा, त्या चाळीसपैकी सुरू करणारं, थांबवणारं आणि मोजणारं अशी तीन पाठवा. मी तीच पायथॉनमध्ये उतरवतो, दोन्ही एकाच मशीनवर शेजारी शेजारी चालवू, आणि मधेच पाठवणारा प्रोसेस मुद्दाम मारू, जेक्यू काढून टाकू, व्हेथचं एक टोक डाउन करू. कुणाची टेस्ट हिरवी राहते ते बघू.

पॅकेटमोजणी:

पाठवतो. एमझेड अनइन्स्टॉल केलेलं मशीन पण यादीत घ्या, सुरुवात तिथूनच करू.