धबधब्यामागचा कातळ : तुमचे अनुभव

पाऊस लागला की अख्खं कोल्हापूर राऊतवाडी, बर्की, उखळूच्या धबधब्यांकडे वळतं. भिजणं होतं, कणसं खाणं होतं. पण पाणी ज्याच्यावरून कोसळतं तो दगड कुणी न्याहाळलाय का? चांदोली राष्ट्रीय उद्यान, त्याच्या कडेची गावं, दाजीपूर, कुठलंही चालेल. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

शाहूवाडीच्या बाई
उखळूला शाळेची मुलं नेली होती. एकीनं विचारलं, "बाई, डोंगराला पायऱ्या कुणी पाडल्या?" तिथंच तास सुरू झाला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहिला, पोट घट्ट झालं. दोन थरांमध्ये कुठंकुठं भाजल्यासारखी लाल मातीही असते. पाणी आधी ही माती आणि सच्छिद्र भाग पोखरतं. मग वरचा घट्ट कातळ अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात तुटून खाली येतो. डोहाकाठच्या शिळा दाखवल्या आणि सांगितलं, ह्या वरच्याच. म्हणजे धबधबा हळूहळू मागं सरकतोय. मुलं बराच वेळ वर बघत उभी होती. पुस्तकातला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, मी एवढी वर्षं शिकवते, पण असं लक्ष कधी मिळालं नव्हतं.

पाटाकडेचा
काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, चकाकणारे खडे दिसतात. ती झिओलाइट, क्वार्ट्झ वगैरे खनिजं. बघा, फोटो काढा. उद्यानातनं एक खडाही उचलू नका.

दाजीपूरकडचा शेतकरी
आमच्या वरच्या सड्यावर, म्हंजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभा हाय, तांबडा भोकाभोकाचा दगड. जांभा पाणी पितो, आणि खालच्या चिकट मातीवर ते अडतंय. मग कडेनं झरा फुटतो. पाऊस थांबला तरी आमचा ओढा वाहतोय तो ह्याच्यामुळं. शेजारच्या डोंगरावर बॉक्साइटसाठी (ॲल्युमिनियमचा कच्चा दगड) सडा खरवडला, तिथला झरा आता दिवाळीआधीच आटतोय. जनावरांचं पाणी लांबनं आणावं लागतंय त्यांना. धबधबा बघायला येणाऱ्यांनी एकदा सड्यावर पण चढून बघावं. पाणी तिथनंच सुरू होतंय.

पन्हाळ्याचा
धबधबा नाही, तरी लिहितो. आमच्या तालुक्यात बांदिवड्याला दगडाचे उभे खांब आहेत, पाचसहा कोनांचे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, त्यातनं हे तयार होतात. लोकांना वाटतं कुणीतरी घडवलेत.

धागाकर्ता
बाई, पुढच्या खेपेला चांदोली उद्यानातला झोळंबीचा सडा बघा. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. उघडल्यावर पाणी ओसरलेलं असतं, कातळ मोकळा दिसतो. आणि दाजीपूरकर, तुमचा झरा मेपर्यंत टिकतो का? सड्यावर काय काय उगवतं तेही लिहा.