जॉली बॉयवर सोयी वाढवाव्या का? अंदमानला जाऊन आलेल्या नागपूरकरांनो, बोला

धंतोलीचा_बोका
दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची अर्धी कॉलनी अंदमानला पळते, आणि परत आली की जॉली बॉय बेटाबद्दल तेच रडगाणं, चहाची टपरी नाही, धड बसायला जागा नाही, बाथरूमची बोंब, प्लास्टिकची बाटली तर जेट्टीवरच काढायला लावली. अरे ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ पासूनचं, फुटाळ्याची चौपाटी नाही. पंधरा बेटांचं उद्यान, त्यात लोकांसाठी जॉली बॉय आणि पावसाळ्यात ते बंद झालं की रेड स्किन, बस. मुक्काम नाही, दुकान नाही, रोजच्या परमिटवर मर्यादा. माझं मत सांगतो, तिथे एक वीट वाढवू नका, त्यापेक्षा इथे बुकिंग घेतानाच काय मिळणार नाही ते तोंडावर सांगा.

महालची_सूनबाई
नाही पटत. सकाळी वंडूरच्या जेट्टीवर रांग, मग खारफुटीच्या खाडीतून बोट, बेटाला धक्का नाही म्हणून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत बदली, आणि तिथून पाण्यात पाय टाकून उतरा. एका हातात साडी, दुसऱ्या हातात शुगरवाल्या सासूबाई, ज्यांना दर तासाला बाथरूमला जावं लागतं. पुरुषांना काय, झाड दिसलं की झालं. तिकीट घेता, परमिटचे पैसे घेता, मग चार नीट टॉयलेट बांधले तर निसर्गाला कोणता ताप येतो?

वऱ्हाडी_ठेचा
काहून ताई, ताडोब्यात जिप्सीत बसून चहा मागता का तुम्ही? तिथं कोअरमध्ये मोबाईल चालत नाही म्हणतात तं निमूट ठेवून देता, मंगळवारी बंद म्हणतात तं बुधवारी जाता. समुद्राचं नाव घेतलं का मंग सगळ्याईले रिसॉर्ट आठवते 😂 चन्यापोह्याचा डबा न्यावा स्टीलचा, खावा, रिकामा घेऊन यावा.

महालची_सूनबाई
ताडोब्याच्या गेटवर टॉयलेट आहे हो भाऊ, आणि सफारी चार तासांत आटपते. डब्याचं कोण बोलतंय? मी बाथरूमचं बोलतेय, तुम्ही पोह्यांवर गेले.

सदरचा_मास्तर
टॉयलेटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, पण त्यामागचं गणित बघा. छोट्या बेटावर गोडं पाणी म्हणजे जवळपास सगळं बाहेरूनच आणायचं. फ्लश केलेलं जातं कुठे? वाळूत सेप्टिक टँक केला तर त्यातलं नायट्रोजन फॉस्फरस झिरपत पाण्यात उतरतं, ते खाऊन शेवाळ माजतं आणि प्रवाळावर चढतं. प्रवाळ किनाऱ्याला लागूनच आहे, दूर कुठे नाही. वरून पाण्याच्या उष्णतेने तो आधीच मार खाऊन आहे, २०१० मध्ये अंदमानात मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला होता.

आणि एक, "फोटोत रंगीबेरंगी, प्रत्यक्षात मातकट" ही जी तक्रार असते ना, जिवंत प्रवाळ बराचसा तपकिरीच असतो, त्याच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं त्याचा तो रंग. शैवाल निघून गेलं की तो पांढरा पडतो. शिवाय पाणी लाल रंग आधी शोषतं, त्यामुळे खाली सगळं निळंहिरवंच दिसणार. म्हणजे लोक ज्याला फसवणूक म्हणतात ते बऱ्याचदा तब्येत चांगली असल्याचं लक्षण असतं. ढगाळ दिवस असला तर तेही दिसत नाही, तो भाग नशिबाचा.

ट्रॅव्हल्सवाला_सीताबर्डी
मी याच धंद्यात आहे म्हणून खरं सांगतो, शिव्या घाला हवं तर. मी गिऱ्हाईकाला म्हटलं की मातकट दिसेल, टॉयलेट जुजबी, पाण्याची बाटली तिथे डिपॉझिट भरून घ्यावी लागेल, तर ते "बघतो" म्हणून उठतं आणि बाजूच्या दुकानात बुकिंग करतं, तिथे भिंतीवर गुलाबी-जांभळ्या प्रवाळाचं पोस्टर आहे. सरकारने परमिटसोबतच हे छापून द्यावं, सगळ्यांना सारखं. एकट्याने प्रामाणिक राहणं परवडत नाही राजेहो. नागपूरहून चेन्नई नाहीतर कोलकाता करत जायचं म्हणजे माणूस पैसा ओतून बसलेला असतो, त्याला "नाही" ऐकायचंच नसतं.

धंतोलीचा_बोका
पोस्टरवाल्यांचंच तर म्हणतोय मी. आमच्या ओळखीच्यांना एका एजंटने पावसाळ्यात रेड स्किन "सेम टू सेम" म्हणून विकलं. ते पण सुंदरच आहे, पण मग खरं नाव सांगून विका ना.

महालची_सूनबाई
मास्तरांचं पटलं, झिरपण्याचं. पण बोका, तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. आधी सांगितलं की प्रश्न सुटतो का? सांगितलं तर सासूबाई येणारच नाहीत, म्हणजे तुमची सोय झाली, त्यांची नाही. निरोगी लोकांसाठीच निसर्ग आहे का?

सदरचा_मास्तर
बेटावर नको, मोठ्या बोटीवर करा. साठवण टाकी असलेलं टॉयलेट, टाकी वंडूरला येऊन रिकामी करायची. बोट तिथेच नांगरून असते की दिवसभर.

वऱ्हाडी_ठेचा
अन् तिथवर परत जायले छोटी बोट कोण आणून देईल दर तासाला? मास्तर तुम्ही वल्हवसान का?

महालची_सूनबाई
दर तासाला नको, ठरलेल्या वेळा लावा. चालेल मला. पण पैसे तिकिटातच धरा, तिथे चढल्यावर वेगळे मागायचे नाहीत.