आठवड्याला ४० तास: हा आकडा आला कुठून?

चिऊची_आई
लेकीला स्वमग्नता आहे हे कळलं त्याच आठवड्यात दोन ठिकाणी एकच ऐकलं: आठवड्याला ४० तास एबीए (बक्षीस देऊन, सराव करून वर्तन घडवण्याचा उपचार) करा, नाहीतर वय निघून जाईल. घाबरले आणि वाचत बसले. आकडा इवार लोव्हास यांच्या १९८७च्या अभ्यासातला. १९ मुलांना दोनेक वर्षं इतके तास वर्तनोपचार दिले. त्यातली ९ मुलं साध्या शाळेत पहिलीत गेली, बुद्ध्यंकही सरासरीत आला. पण कोणतं मूल उपचाराच्या गटात आणि कोणतं तुलनेच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. थेरपिस्ट उपलब्ध आहेत का, त्यावर ठरलं. आणि ओरडून ‘नाही’ म्हणणं, मांडीवर चापट मारणं हेही त्या उपचारात होतं! एवढ्याशा पायावर तीन वर्षांच्या पोरीला नोकरदार माणसाइतके तास बसवायचं? मला तर हा भीतीचा धंदा वाटतो.

सकाळची_पाळी
ताई, मी अकरा वर्षं थेरपिस्ट आहे. चापटा केव्हाच गेल्या. १९८७वरून आजचं काम का जोखता? २०१०चा डेन्व्हर मॉडेलचा अभ्यास बघा. वर्तनशास्त्रच, पण खेळातून. दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं, गट चिठ्ठ्या टाकूनच. दोन वर्षांनी बुद्ध्यंक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, दुसऱ्या गटात ७. लवकर सुरू केल्याचा फायदा होतो, हे रोज बघते.

आकडेमोड्या
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मॉडेलची तीन केंद्रांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१९मध्ये आला. बुद्ध्यंकातला फरक तिथे दिसला नाही. भाषेत फायदा दिसला, तोही तीनपैकी दोनच केंद्रांवर. लोव्हास पद्धतीचा २०१८चा कॉक्रेन आढावा (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा) घ्या: पाच अभ्यास, २१९ मुलं, चिठ्ठ्या टाकून केलेला एकच. तासांचं म्हणाल तर २०२४मध्ये १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त प्रगती असं काही निघालं नाही.
पण धागाकर्तीशीही पूर्ण सहमत नाही. पुरावा कमकुवत आहे आणि उपयोग शून्य आहे, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

बापमाणूस
+१ शेवटच्या वाक्याला. आमचा मुलगा भिंतीवर डोकं आपटायचा. थेरपिस्टने तीन आठवडे नुसती वही लिहायला लावली: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. मिक्सर लागला की आपटायचा, एवढं साधं! त्याला ‘बंद कर’चं कार्ड दिलं. हेही एबीएच. आठवड्याला सहा तास होते, चाळीस नव्हे.

फडफड
मी स्वतः स्वमग्न, वय ३१. लहानपणी माझंही एबीए झालं. डोळ्यांत बघितलं की चॉकलेट, हात फडफडवले की चॉकलेट बंद. कागदावर मी यशस्वी केस. घरी आल्यावर तासभर पलंगाखाली पडून असायचे, ते कोणत्या रकान्यात लिहिलं? २०२१मध्ये अशा उपचारांचे १५० अहवाल तपासले, त्यातल्या १३९मध्ये दुष्परिणामांचा उल्लेखच नव्हता. विचारलंच नाही तर सापडणार कुठून? बापमाणूस, तुमच्या मुलाला मिक्सर बंद करायला मिळाला. मला सहन करायला शिकवलं असतं.

सकाळची_पाळी
फडफड, ‘हात शांत ठेवणे’ हे ध्येय मी स्वतः कित्येक फायलींत लिहिलंय. आता लिहीत नाही. खोटं कशाला बोलू.

चिऊची_आई
मग ४० तास अजून का लिहून देतात?

सकाळची_पाळी
पॅकेज तसं असतं. माझ्या हातात असतं तर तुमच्या लेकीला दहा-बारापासून सुरू केलं असतं.

आकडेमोड्या
दहा-बारालाही पुरावा नाही हो! (अवांतर: पण चूक ठरली तर निदान पोरीची दुपार तरी वाचेल.)

चिऊची_आई
सोमवारी परत जातेय. काय शिकवणार, प्रगती कशावरून ठरवणार आणि ती रडायला लागली तर कोण थांबणार, हे तीन प्रश्न लिहून नेतेय.

फडफड
तिसरा आधी विचारा.