मदत हवी आहे: पॅलेट नाइफने रंगवताना बर्फाचा पांढरा रंग गढूळ होतो

नमस्कार. ब्रश जवळजवळ न वापरता, केवळ पॅलेट नाइफने (रंग लावण्याच्या लवचिक पात्याच्या सुरीने) हिवाळ्यातील एक निसर्गचित्र मी तैलरंगात रंगवत आहे. पुढे बर्फाने झाकलेला उतार, त्यावर पडलेल्या लांब सावल्या आणि मागे निष्पर्ण झाडांची रांग, एवढाच विषय आहे. झाडे मनासारखी उतरली आहेत. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून मिळणारा गडद रंग खोडांना तयार काळ्यापेक्षा कितीतरी अधिक शोभतो.

अडचण बर्फाची आहे. सावलीच्या निळसर-जांभळ्या थरावर उन्हातला पांढरा ओढला की खालचा निळा त्यात मिसळतो आणि पाहता पाहता सगळा उतार एकसारखा राखाडी होतो. थर वाळू द्यावा, तर मी वापरतो तो टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग वरून साय धरतो आणि आत बराच काळ ओलाच राहतो. अशा वेळी सावली ओली असतानाच काम उरकावे की थांबावे? टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइट हा दुसरा पांढरा वापरणे योग्य ठरेल का? आणि जाड रंगासाठी ताणलेला कॅनव्हास बरा की बोर्ड?

उत्तर:

नमस्कार. माझ्या मते प्रश्न पांढऱ्याचा नसून सावलीच्या जाडीचा आहे. सावलीचा रंग नाइफने दाबून, जवळजवळ खरवडून, पातळ बसवावा आणि सगळी जाडी उजेडासाठी राखून ठेवावी. पातळ थर लवकर वाळतो. रंगात थोडे अल्किड माध्यम (तैलरंगात मिसळायचे, तो लवकर वाळवणारे द्रव्य) मिसळल्यास आणखी लवकर. तो हाताला लागेनासा झाला की नाइफ जवळपास आडवी धरून पांढरा अलगद ओढावा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचांतून निळा डोकावत राहतो, आणि बर्फाचा खरबरीत पोत हवा असतो तो नेमका असाच मिळतो. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पाते पुसावे आणि त्याच जागी पुन्हा फिरवू नये. (हा मोह आवरणे सर्वांत कठीण!) गुस्ताव्ह कूर्बे हा फ्रेंच चित्रकारही गडद पायावरून नाइफने उजेडाकडे जात असे.

झिंक व्हाइट टाळावे. त्याचा थर काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकतो. टायटॅनियमच ठेवा, मात्र ट्यूबवर तेल कोणते आहे ते पाहा. करडईच्या तेलात घोटलेला पांढरा कमी पिवळा पडतो, परंतु जवसाच्या तेलातल्यापेक्षा सावकाश वाळतो, म्हणून तो खालच्या थरात नको. जाड कामाला बोर्ड केव्हाही चांगला, कारण पात्याच्या दाबाने तो आत जात नाही आणि वाळलेल्या रंगाला ताण देत नाही.

धन्यवाद. सध्याच्या उतारावरचा ओला रंग खरवडून काढला तर चालेल का?

जरूर काढा. कॅनव्हासच्या विणीत उरलेला निळा पुसू नका, तोच सावलीचा पातळ थर समजून वाळू द्या.